हवालदाराची राखण

१

उन्हाळ्यात शोभाताई भोयरांना गजराची गरज पडत नसे. सकाळचे पावणेसहा वाजले की हवालदार त्यांच्या पलंगावरची चादर दातात धरून हळूच ओढायचा. मग त्या उठायच्या, गुडघ्यांना दोन शिव्या हासडायच्या, कूलरच्या टाकीत पाईप सोडायच्या आणि चपला सरकवून, डावा पाय किंचित ओढत त्याला फिरवायला निघायच्या. सहा वर्षं हा नेम होता. पहिली चार वर्षं भोयर साहेब बरोबर असायचे. ते गेल्यापासून दोघंच.

हवालदार काही विलायती जातीचा ऐटबाज कुत्रा नव्हता. साहेबांनी कामठीहून येताना शेअर ऑटोत, भाजीच्या पिशवीत बसवून आणलेलं ते तपकिरी पिल्लू. एक पाय पांढरा, शेपूट कायम वर. तासातासाला अंगणाची फेरी मारतो म्हणून साहेबांनी त्याचं नाव हवालदार ठेवलं. नाकानं गेटची कडी उचलायला तो आपला आपणच शिकला, पण गेट परत लावणं त्याला कधी जमलं नाही. "उघडते, लावत नाही. पक्का सरकारी हाय," असं म्हणून साहेब हसायचे.

शहराच्या कडेला, बेसा भागातला त्यांचा ले-आऊट, म्हणजे प्लॉट पाडलेली वसाहत, अजून अर्धाच भरला होता. एक बंगला, मग दोन रिकामे प्लॉट, मग पुन्हा एक बंगला. रिकाम्या प्लॉटांत गाजरगवत, बांधकामाचा उरलेला मुरूम आणि मोकाट कुत्री. गेल्या महिन्यात तिसऱ्या गल्लीतल्या एका बाईच्या पोटरीचा त्यांनी लचका तोडला आणि ती बातमी ले-आऊटच्या ग्रुपवरून थेट पुण्याला, शोभाताईंच्या लेकीपर्यंत पोचली.

"आई, तुझा हवालदार दुसरी कुत्री अंगावर आली तर तुला वाचवेल का, एवढंच सांग," रितिका फोनवर म्हणाली. "पाळलेली कुत्री अशा वेळी सगळ्यात आधी पळतात म्हणे. तो कामाचा नसेल तर घर भाड्यानं दे आणि इकडे ये."

शोभाताईंना पुण्याला जायचं नव्हतं. हे घर त्यांनी दोघांच्या पगारातून बांधलं होतं, विजेचं प्रत्येक बटण त्यांनी स्वतः जागा दाखवून बसवून घेतलं होतं. रितिकाच्या अकराव्या मजल्यावरून तर माणसं दिसतच नाहीत, समोरच्या नुसत्या खिडक्या दिसतात. तिथे आपण दोन महिन्यांत वाळून जाऊ, अशी त्यांची खात्रीच होती. म्हणजे सगळं आता हवालदारावर येऊन ठेपलं होतं.

परीक्षा लवकरच झाली. एका सकाळी वळणावर सात कुत्री रस्ता अडवून उभी राहिली. पुढे एक करडी कुत्री, डावा कान अर्धाच असलेली. शोभाताईंनी पट्टा हाताला गुंडाळला, पण हवालदारानं तो हिसडून सोडवला आणि तो पुढे गेला.

भुंकणं नाही, दात दाखवणं नाही. त्यानं त्या कानतुटीच्या नाकाला नाक लावलं. मग तो मागे फिरला, शोभाताईंजवळ आला आणि त्यांची पावलं, साडीचा काठ, दोन्ही तळवे, सगळं त्यानं नवख्यासारखं सावकाश हुंगलं. पुन्हा कानतुटीकडे जाऊन तिच्या तोंडाजवळ तोंड नेलं. सातही कुत्री शोभाताईंकडे एकटक बघत होती. मग ती बाजूला झाली आणि वाट मोकळी झाली.

"वाचवलं वं मले," शोभाताईंनी घरी आल्या आल्या रितिकाला कळवलं. "नुसता पुढे जाऊन उभा झाला, तं सारे हटले."

बोलताना त्यांचा ऊर भरून आला होता. फोन ठेवल्यावर मात्र काहीतरी खुपत राहिलं. त्यानं कुत्र्यांना हटवलं नव्हतं, त्यांना काहीतरी कळवलं होतं.

२

दुसऱ्या दिवशी डाव्या पायाची चप्पल गायब झाली. कुत्री चपला नेतात, त्यात नवल नाही. शोभाताईंनी उरलेली उजवी चप्पल जिन्याखाली टाकली आणि नवा जोड आणला. तिसऱ्या दिवशी जिन्याखालची उजवीही गेली, आणि नव्या जोडाला कोणी तोंडसुद्धा लावलं नव्हतं.

शोभाताईंनी तीस वर्षं सदर भागातल्या एका शाळेत विज्ञान शिकवलं होतं. चावायला चप्पल नेणारं कुत्रं जोड कशाला पुरा करेल, हा प्रश्न त्यांना चहा पिताना पडला आणि चहा निवून गेला तरी सुटला नाही.

मग दोरीवरची जुनी निळ्या काठाची साडी गेली. त्यांच्या अंगाचा टॉवेल गेला. केस अडकलेली फणी गेली, आणि शेवटी उशीजवळचा वाचायचा चष्मा. चष्मा घराच्या आत होता. काही क्षण त्यांना भीमाबाईचा संशय आला. धुणीभांडी करणारी भीमाबाई बारा वर्षं घरात वावरत होती, पण तिनं कधी साखरेचा दाणा इकडचा तिकडे केला नव्हता. आपल्याच मनाची शोभाताईंना लाज वाटली.

"मोकाट कुत्रे येऊन राह्यले तुमच्या अंगणात," समोरच्या मनोहररावांनी निकाल दिला. निवृत्त झाल्यापासून हे गृहस्थ सगळ्या ले-आऊटला फुकट सल्ला पुरवत असत. संध्याकाळी ते पाण्यानं भरलेल्या दोन प्लास्टिकच्या बाटल्या घेऊन आले. पाणी लालभडक होतं. "हे गेटले बांधून टाका, ताई. आलता कालवला त्याच्यात. कुत्रं लाल पाणी पाह्यलं का फिरकत नाही."

अशा बाटल्या पलीकडच्या गल्लीत बहुतेक गेटांवर लटकत होत्या. शोभाताईंना हसू आलं. "मनोहरराव, आठवीच्या पोरांले तीस वर्षं शिकवलं मी. कुत्र्याले लाल रंग दिसतच नाही. त्याले हे पाणी मातकट दिसते. काळपट, डबक्यातल्यासारखं."

"तुम्ही शिकवलं असन जी. पण कुत्रे काही तुमच्या वर्गात नव्हते."

मनोहररावांच्या दारातला गुलमोहर तेव्हा नुसता पेटला होता, आणि त्याच्यासमोर त्या बाटल्यांचा रंगही फिका वाटत होता. शोभाताईंनी त्या गेटच्या दोन्ही बाजूंना बांधून टाकल्या.

"मंग आपला हवालदार कसा येईन, ताई?" भीमाबाईनं विचारलं.

"तो घरचा हाय. घरच्याले काहून भेव वाटन?"

आणि खरंच, हवालदार बाटलीला डोकं घासत खुशाल आतबाहेर करू लागला. संध्याकाळी मोकाट कुत्री आली ती मात्र गेटापासून दहा हातांवर थबकली. कानतुटीनं मान खाली घातली, घशातल्या घशात कण्हल्यासारखा आवाज काढला आणि ती मागे सरली. शोभाताई खिडकीतून बघत होत्या. विज्ञानाच्या पुस्तकात याचं उत्तर नव्हतं, पण त्यांना त्या रात्री गाढ झोप लागली.

३

नवतपा, मे अखेरचे ते नऊ होरपळीचे दिवस, सुरू झाला. सकाळी नऊनंतर रस्त्यावर चिटपाखरू नसे. दुपारी जेवून शोभाताई कूलरसमोर आडव्या व्हायच्या. वाळ्याचा ओला वास, पंख्याची घरघर, टाकीत पाणी ठिबकल्याचा आवाज. त्यांचे डोळे मिटायचे, आणि मिटता मिटता दिसायचं की हवालदार दाराशी उभा आहे आणि त्या झोपल्या का ते बघतो आहे.

त्यांना एकच स्वप्न पडू लागलं. त्या एका बाभळीखाली कुशीवर निजल्या आहेत. पाठीला, पोटाला, पायांना कुणाकुणाच्या ऊबदार पाठी टेकल्या आहेत आणि त्या सगळ्या एका लयीत श्वास घेत आहेत. स्वप्न वाईट नव्हतं. साहेब गेल्यापासून इतकं सोबतीचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं, आणि जाग आल्यावर घर रिकामं वाटून रडूच यायचं.

एकदा जाग आल्यावर त्यांच्या केसांत बाभळीचं पिवळं फूल सापडलं. वाऱ्यानं आलं असेल, त्या म्हणाल्या. खिडक्या बंद होत्या. मग कूलरमधून आलं असेल.

"ताई, एक इचारू का?" भीमाबाई एका सकाळी भांडी घासता घासता म्हणाली. "तुम्ही दुपारच्याले त्या कोपऱ्यातल्या प्लॉटात काहून बसता जी? ऊन लागन ना."

"मी? मी तं दुपारी झोपून राह्यते."

भीमाबाईचा हात थांबला. "काल तीन वाजता मी दुसऱ्या गल्लीतलं काम करून जाऊन राह्यली होती. तुम्ही बाभळीखाली बसल्या होत्या. निळ्या काठाची साडी, डोयावर चष्मा. भवताल सारे कुत्रे बसले होते, अन् आपला हवालदार तुमच्या उशाशी. मले वाटलं, बिस्किटं चारून राह्यल्या. मी हाक मारली."

"मंग?"

"तुम्ही वर नाही पाह्यलं. हवालदारानं पाह्यलं." तिनं नळ सोडला आणि बराच वेळ तेच एक ताट धुतलं. "मले गुरकावला, ताई. बारा वर्साची मी या घरात, अन् मले गुरकावला."

शोभाताईंनी भीमाबाईला समजावलं. ऊन, डोळ्यांवर आलेली तिरीप, दुसरीच कुणी बाई. समजावताना त्यांचा आवाज शाळेत असायचा तसा ठाम होता. भीमाबाईनं मान डोलावली, पण जाताना ती कोपऱ्यातल्या प्लॉटावरून न जाता लांबच्या रस्त्यानं गेली.

४

त्या दिवशी शोभाताई झोपल्या नाहीत. डोळे मिटून, श्वास लांब करून पडून राहिल्या. शिक्षिकेला झोपेचं सोंग ओळखता येतं, तसं करताही येतं. थोड्या वेळानं नखांचा टकटक आवाज पलंगापाशी आला, थांबला आणि दाराकडे गेला. मग गेटची कडी वाजली.

त्या उठल्या आणि तशाच निघाल्या. बाहेर ऊन इतकं पांढरं होतं की घरांना कडा उरल्या नव्हत्या. दूर, रस्त्याच्या टोकाला पाण्यासारखं काहीतरी हलत होतं आणि हवालदार त्यातून पोहत गेल्यासारखा दिसत होता. प्रत्येक बंगल्यातून कूलरची घरघर येत होती. सगळा ले-आऊट आत गार अंधारात निजला होता. अर्धा रस्ता चालून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण अनवाणी आहोत. डांबर नुसतं मऊ पडलं होतं. पाय मात्र भाजत नव्हते.

वयानं कातडी जाड होते, त्यांनी स्वतःला सांगितलं.

कोपऱ्यातल्या प्लॉटात बाभळीची सावली पडली होती आणि सावलीत सातही कुत्री गोल करून बसली होती. मधोमध निळ्या काठाची साडी अंथरलेली होती. अंथरलेली म्हणण्यापेक्षा नेसवलेली म्हणावं, इतकी ती नीट होती. खाली दोन चपला, डावी डावीकडे, उजवी उजवीकडे. वर, जिथे डोकं असावं तिथे टॉवेलची गुंडाळी. तिच्यावर चष्मा, बाजूला फणी. हवालदार उशाशी बसला होता आणि त्याचं शेपूट जमिनीवर संथ हलत होतं. सकाळी चादर ओढताना ते तसंच हलायचं.

शोभाताईंना आधी राग आला. माझा कुत्रा, माझ्या वस्तू. मग त्या रागाखालून भीती वर आली. "हवालदार," त्या म्हणाल्या. "चाल घरी."

हवालदार उठला. त्यांच्या आणि त्या साडीच्या मध्ये येऊन उभा राहिला. मानेवरचे केस उभे, ओठ मागे, दात उघडे. इतक्या वर्षांत त्यांनी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. असं त्यानं एखाद्या सकाळी वळणावर उभं राहावं म्हणून तर त्या देवाला हात जोडत होत्या.

वाऱ्याची झुळूकही नव्हती. त्याच्या मागे साडीचा पदर वर आला, खाली गेला. पुन्हा वर आला.

शोभाताईंना घेरी आली. बाभळीचा बुंधा धरून त्या खाली बसल्या आणि डोळे मिटले. किती वेळ, ते त्यांना कळलं नाही. उघडले तेव्हा सावली सरकली होती. साडी नव्हती, चपला नव्हत्या, हवालदार नव्हता. फक्त ती सात कुत्री होती, अगदी अंगाला लागून बसलेली. कानतुटी त्यांचा हात चाटत होती.

त्यांना किळस आली नाही.

५

घरी जायचं, दार लावायचं, रितिकाला फोन करून सांगायचं की मी येते, उद्याच येते. एवढंच मनात धरून शोभाताई निघाल्या. कुत्री उठून बरोबर चालू लागली, पुढे दोन, मागे पाच. कुणी गुरगुरत नव्हतं. प्रत्येक गेटापासचा वेगळा वास त्यांच्या नाकात भरत होता. एका घरी ताक, एका घरी औषधी तेल, एका घरी तान्हं मूल. एवढ्या वर्षांत हे आपल्या ध्यानात कसं आलं नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

मनोहररावांचा गुलमोहर आला. झाड तेच होतं, फुलं तितकीच गच्च होती, पण सगळी मातकट. चिखलाचे शिंतोडे उडावेत तशी. उन्हानं करपली असतील, शोभाताई म्हणाल्या. एका दुपारीत करपली असतील.

मग त्यांचं गेट आलं.

गेटापासून दहा हातांवर त्यांचे पाय थांबले. दोन्ही बाजूंना दोन बाटल्या लटकत होत्या आणि त्यांच्यात काळपट, डबक्यासारखं पाणी होतं. आलता उतरला असेल. ऊन लागलं की रंग उतरतो, हे त्यांनी कितीदा शिकवलं होतं. पण त्या पाण्याकडे बघवत नव्हतं. मान आपोआप खाली गेली. हे माझं घर आहे, त्या मनात म्हणाल्या. त्या खिडकीखालचं बटण मी बसवून घेतलं आहे. एक पाऊल, फक्त एक पाऊल टाकायचं.

पाऊल पडेना.

आत कूलर चालू होता. फरशीवर चपलांचा चटकफटक आवाज आला, ओळखीचा, डावा पाय किंचित ओढणारा. चार वाजले असावेत, कारण फोन वाजला. रितिका रोज चारला फोन करते. कुणीतरी उचलला.

"हाव वं बाळा, बरी हाये मी," आतून आवाज आला. ठाम, शाळेतला. "नाही वं, तिकडे कायले येऊ? हवालदार हाय ना माह्या संग."

शोभाताईंनी हाक मारली. सगळा जीव घशात आणून त्यांनी लेकीला हाक मारली. जे बाहेर पडलं ते ऐकून हवालदार आतून धावत आला. बाटल्यांच्या मधे, उघड्या गेटात तो चारी पाय रोवून उभा राहिला आणि त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून गुरगुरला. त्याचा पांढरा पाय थरथरत होता. तोही भ्याला होता. तरी तो मागे हटला नाही.

रितिकाच्या प्रश्नाचं उत्तर आता शोभाताईंना पक्कं मिळालं होतं. ते सांगायला फोन मात्र आत होता.

समोर मनोहररावांचं दार करकरलं. झोपमोड झालेले मनोहरराव बनियनवर ओट्यावर आले. सकाळ-संध्याकाळ त्यांना ताई म्हणणारा भला माणूस. त्यांच्याकडे बघून शोभाताईंना एवढा धीर आला की त्या दोन पावलं धावतच गेल्या.

"हाड," मनोहरराव म्हणाले आणि त्यांनी वाकून मुरमाचा खडा उचलला. "हाड, हाड. शोभाताई, गेट लावून घ्या जी. लय कुत्रे जमले इथं."

"राहू द्या, मनोहरराव," खिडकीतून उत्तर आलं. "हवालदार हाय."

खडा शोभाताईंच्या पोटरीला लागला. फार जोरात नाही. कानतुटी वळली, मग बाकीची वळली आणि सगळी सावकाश कोपऱ्यातल्या प्लॉटाकडे चालू लागली. शोभाताई थोडा वेळ तिथेच थांबल्या. खिडकीत साडीचा निळा काठ हलला आणि आतून कुणीतरी पोळी मोडून वाटीत दूध ओतल्याचा आवाज आला. हवालदाराचे कान तिकडे वळले, पण नजर त्यांच्यावरच होती.

बाभळीखाली ऊन नव्हतं. कानतुटी थोडी सरकली आणि तिनं मधली जागा मोकळी करून दिली.